अंथरूण धरणें आणि सोडणें

आजारी माणसाविषयीं बोलतांना आमच्या भाषेनें अंथरुणाचा मोठा मान राखिला आहे. कोणी फार आजारी झाला म्हणजे त्यानें 'अंथरूण धरलें', आजार लांबला म्हणजे तो 'अंथरुणास खिळला', आणि बरा झाला म्हणजे तो 'हिंडूंफिरूं लागला' असें आपण म्हणतों. वडीलधाऱ्या मंडळींची देवाजवळची मागणीहि हातपाय चालते आहेत तोंच आपणांस न्यावें, हीच असते. या साऱ्या वाक्प्रचारांत रोगाचें नांव कोठेंच नाहीं. माणूस आडवा आहे कीं उभा आहे, एवढ्यावरून त्याच्या प्रकृतीचा हिशेब मांडलेला आहे. परंतु अंथरूण आपण धरतों कीं अंथरूणच आपणांस धरून ठेवतें, हा प्रश्न विचारावयास वैद्यकशास्त्रास फार उशीर लागला. तो प्रश्न कसा उत्पन्न झाला आणि त्याचें उत्तर कोणकोणत्या मार्गांनीं मिळत गेलें, याचा थोडक्यांत इतिहास आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों तें केवळ जिज्ञासेनें नव्हे. सन १९९१ च्या पावसाळ्यांत आमचे वडील अंगणांतील शेवाळावरून पाय घसरून पडले व त्यांच्या मांडीचें हाड खुब्याजवळ मोडलें. त्यांना जुना मधुमेह होता. शस्त्रक्रिया झेपणार नाहीं असें ठरलें, आणि पायाला वजन बांधून सहा आठवडे निजवून ठेवण्याचा मार्ग पत्करला गेला. आम्ही घरची सर्व मंडळी त्यांच्या सेवेंत तत्पर होतों. पाणी पाजावें, घांस भरवावा, उशी सारखी करावी. त्यांनीं आपला हात आपण उचलला तर आम्हांस अपराध्यासारखें वाटे. कुशीवर वळवितांना ते कण्हत, म्हणून पुढें पुढें वळविण्याचेंहि आम्ही टाळूं लागलों. चौथ्या आठवड्यांत पाठीस व्रण पडले, पांचव्यांत छातींत कफ साचला, आणि हाड सांधण्यापूर्वींच ते गेले. सेवेंत कसूर झाली असें त्या वेळीं कोणी म्हटलें नाहीं, आणि आमच्याहि मनांत तें आलें नाहीं.

ज्या समजुतीनें आम्ही वागलों ती आमच्या घराचीच होती असें नाहीं. तिला मोठी शास्त्रीय परंपरा होती. लंडन येथील गाइज हॉस्पिटलचे शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांनीं १८६० ते १८६२ या सालांत विश्रांति व वेदना या विषयावर व्याख्यानें दिलीं आणि १८६३ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. दुखावलेल्या भागास स्वस्थता दिली म्हणजे निसर्ग आपलें काम आपणच करतो, हें त्यांचें सूत्र. लिव्हरपूल येथील ह्यू ओवेन टॉमस यांनीं तें अस्थिरोगांस लाविलें. विश्रांति अर्धवट नसावी, ती सक्तीची व दीर्घकाळ असावी, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या नांवानें ओळखली जाणारी पायाची चौकट पहिल्या महायुद्धांत रणांगणावर वापरण्यांत आली, आणि मांडीचें हाड मोडलेल्या सैनिकांतील मृत्यूचें प्रमाण तिच्यामुळें पुष्कळच खालीं आलें. तेव्हां विश्रांतीचा हा उपदेश म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा होती, असें म्हणणें अन्यायाचें होईल. जंतुनाशक शस्त्रक्रिया नुकतीच कोठें रुजत होती. टांके उसवण्याची, रक्तस्राव पुन्हां सुरू होण्याची भीति खरी होती. ज्या काळीं वैद्याच्या हातीं साधनें थोडीं, त्या काळीं रोग्यास निजवून ठेवणें हें निदान निरुपद्रवी तरी वाटावें, यांत नवल नाहीं.

परंतु येथेंच एक सूक्ष्म घोटाळा झाला. हिल्टन व टॉमस यांनीं सांगितलेली विश्रांति ही मुख्यतः दुखावलेल्या भागाची होती. टॉमस यांच्या चौकटीचा एक प्रकार तर असा कीं, गुडघा अथवा खुबा जखडून टाकून रोग्यास चालतां यावें. पण भागाची विश्रांति आणि माणसाची विश्रांति यांतील भेद व्यवहारांत फार दिवस टिकला नाहीं. सांध्याचें औषध तें पोटाचें झालें, पोटाचें तें हृदयाचें झालें, हृदयाचें तें मनाचेंहि झालें. फिलाडेल्फियाचे साइलस वेअर मिचेल यांनीं १८७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत मज्जातंतूंच्या दुर्बलतेवर 'विश्रांति-उपचार' सांगितला. रोगी बहुधा स्त्रिया असत. त्यांनीं सहा आठवडे ते दोन महिने निजून राहावयाचें. आरंभीं उठून बसावयाचें नाहीं, शिवणटिपण नाहीं, वाचन नाहीं. चमत्कार असा कीं, निजून राहिल्यानें स्नायु झिजतात हें मिचेल यांना ठाऊक होतें. म्हणून ते मर्दन करवीत आणि विजेच्या प्रवाहानें स्नायूंस हालवीत. शरीरास हालचाल हवी हें कबूल, पण ती रोग्यानें स्वतः करावयाची नाहीं! शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेनें हा उपचार सोसला होता. तिची 'द यलो वॉलपेपर' ही १८९२ सालची कथा त्या अनुभवांतूनच उतरली आहे.

उलट बाजूनें बोलणारे लोक नव्हतेच असें नाहीं. स्वीडनमध्यें पेर हेन्रिक लिंग यांनीं १८१३ सालींच स्टॉकहोम येथें व्यायामशास्त्राची संस्था स्थापिली होती, आणि रोगनिवारणासाठीं नियमित हालचाल हा तिच्या शिक्षणाचा एक भाग होता. फ्रान्समध्यें झ्युस्त ल्युका-शांपियोनियेर यांनीं मोडलेल्या हाडांवरहि मर्दन व लवकर हालचाल यांचा पुरस्कार केला. शिकागोचे एमिल रीस यांनीं १८९९ सालीं लिहिलें कीं, शस्त्रक्रियेनंतर एकदोन दिवसांतच रोग्यास उठविलें तर तो लवकर सुधारतो. या लेखकांचें खंडन कोणी फारसें केलें नाहीं. त्यांच्याकडे नुसतें दुर्लक्ष झालें. आम्हांस वाटतें कीं, यास कारण शास्त्रीय नसून मानवी होतें. निजलेला रोगी परिचारिकेस सोईचा, वैद्यास निर्धास्त करणारा, आणि आप्तांच्या प्रेमास वाव देणारा असतो. उठूं पाहणारा रोगी या तिघांनाहि काळजी लावतो.

ही जडता मोडली ती मुख्यतः युद्धानें. डेट्रॉइटचे डॅनियल लाइटहाउझर हे १९३८ पासून शस्त्रक्रियेनंतर रोग्यांना लवकर उठवीत होते, आणि १९४६ सालीं त्यांनीं या विषयावर ग्रंथच लिहिला. इतक्यांत दुसरें महायुद्ध पेटलें. खाटा कमी, परिचारिका कमी, जखमी अपार. जे शल्यवैद्य एरव्हीं तीन आठवडे रोगी निजवीत, त्यांना तो आठवड्याच्या आंतच उभा करावा लागला, आणि तो मरण्याऐवजीं अधिक लवकर बरा होतो असें दिसून आलें. अमेरिकेंत हॉवर्ड रस्क यांनीं विमानदलाच्या रुग्णालयांत, दुखणाइतांनीं छताकडे पाहत दिवस काढण्याऐवजीं व्यायाम व शिक्षण यांत ते घालवावे, अशी योजना आंखिली. लंडनचे रिचर्ड अ‍ॅशर यांनीं १९४७ सालच्या डिसेंबरांत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें अंथरुणावर जाण्याचे धोके एकेका इंद्रियाचें नांव घेऊन सांगितले: पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, फुप्फुसांच्या तळाशीं कफ साचतो, हाडांतील चुना निघून जातो, सांधे आखडतात, त्वचा फाटते, कोठा बांधतो, आणि शेवटीं उठण्याची इच्छाच मरते. आमच्या वडिलांच्या दुखण्याचा क्रम, त्यांच्या दुखण्याच्या चव्वेचाळीस वर्षें आधीं, या लेखांत लिहून ठेवलेला होता.

या सर्व प्रयत्नांत सर्वांत हृदयंगम कथा आहे ती लुड्विग गुटमन यांची. हे जर्मनींतील ज्यू मज्जाशस्त्रज्ञ. १९१७ सालीं, अठरा वर्षांचे असतांना, खाणकामगारांच्या रुग्णालयांत ते मदतनीस होते. तेथें पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार आला. याच्यावर फार कांहीं लिहीत बसूं नका, हा थोड्याच आठवड्यांत मरणार, असें त्यांस सांगण्यांत आलें. आणि तसेंच झालें. हिटलरच्या राज्यांतून निसटून १९३९ सालीं ते इंग्लंडांत आले आणि १ फेब्रुवारी १९४४ रोजीं स्टोक मँडव्हिल येथें कण्यास दुखापत झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्या हातीं आला. अशा रोग्यांस तोंपर्यंत प्लॅस्टरच्या पलंगांत घालून मरणाची वाट पाहत ठेवीत. गुटमन यांनीं प्लॅस्टर काढून टाकलें. दर दोन तासांनीं, रात्रींसुद्धां, रोग्याची कूस बदललीच पाहिजे असा नियम केला, आणि तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहावयास ते स्वतः रात्रीं विभागांत येत. शय्याव्रण हे दैवाचे नसून हयगयीचे असतात, हें त्यांनीं सिद्ध करून दाखविलें.

पण एवढ्यावर ते थांबले नाहींत. मेलेले पाय त्यांना जिवंत करतां येत नव्हते. मात्र पाय मेले म्हणून हात, छाती, बुद्धि व पौरुष हींहि मेलीं, असें मानावयास ते तयार नव्हते. रोग्यांना त्यांनीं कामाला लाविलें, चाकांच्या खुर्चींत बसवून खेळावयास लाविलें. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनमध्यें ऑलिंपिक सामन्यांचें उद्घाटन होत असतांना, स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर सोळा अपंग स्त्रीपुरुषांचा धनुर्विद्येचा सामना झाला. त्यांतूनच पुढें १९६० सालीं रोम येथें पहिले पॅरालिंपिक सामने भरले.

महाराष्ट्राचा या कथेशीं संबंध अभिमानास्पद आहे. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैनिक १९६५ च्या युद्धांत गोळ्यांनीं जायबंदी झाले. एक गोळी पाठीच्या कण्यांत गेली आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. रुग्णालयांत अंगांत बळ यावें म्हणून त्यांनीं पोहणें आरंभिलें. औषध म्हणून धरलेलें तें पाणी त्यांना कोठवर घेऊन गेलें पाहा: १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक सामन्यांत त्यांनीं पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळविलें. भारतास त्या सामन्यांत मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री देण्यांत आली.

अनुभवानें जें कळलें होतें त्यास प्रयोगाचा आधारहि त्याच सुमारास मिळूं लागला. १९४८ सालीं अमेरिकेंतील डिट्रिक, व्हीडन व शॉर यांनीं चार निरोगी तरुणांना कमरेपासून पायांपर्यंत प्लॅस्टर घालून सहा ते सात आठवडे निजविलें आणि त्यांच्या शरीरांतून काय बाहेर जातें तें मोजलें. स्नायूंचें नत्र व हाडांचा चुना हीं दोन्ही सतत वाहून जात होतीं. १९६६ सालीं डॅलस येथें विशीच्या घरांतील पांच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यांत आलें. श्रमाच्या वेळीं प्राणवायु वापरण्याची त्यांची शक्ति सुमारें चतुर्थांशानें घटली. हेच पांच जण तीस वर्षांनीं पुन्हां तपासण्यांत आले. त्या तीन आठवड्यांनीं त्यांचें जेवढें नुकसान केलें होतें, तेवढें मधल्या तीस वर्षांच्या वयानेंहि केलेलें नव्हतें! निरोगी तरुणाची ही गति, तर साठी उलटलेल्या आजारी माणसाची काय असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

हृदयविकाराच्या बाबतींत अंथरुणाचा अंमल सर्वांत कडक होता. हृदयाचा झटका आलेल्या माणसानें चार ते सहा आठवडे हालूंहि नये, असा दंडक असे. बॉस्टनचे सॅम्युअल लेव्हाइन व त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनीं अशा रोग्यांना पहिल्या कांहीं दिवसांतच आरामखुर्चींत बसविण्यास आरंभ केला आणि १९५२ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बसल्यानें हृदयावरचा भार वाढत नाहीं, आणि रोग्याचें धैर्य मात्र वाढतें, असें त्यांना आढळलें. रुग्णालयांतील इतर डॉक्टरांचा या प्रकारास कडवा विरोध होता. खुर्चीपासून पायऱ्यांपर्यंत व पायऱ्यांपासून घरापर्यंतचा हृदयरोग्याचा आजचा प्रवास त्या खुर्चीपासून सुरू झाला आहे.

आमच्या देशानेंहि या प्रश्नाच्या निकालांत मोलाची भर घातली आहे. क्षयरोग म्हटला कीं सॅनेटोरियम, आणि सॅनेटोरियम म्हटलें कीं महिनोन् महिने आडवें पडणें, ही सांगड मिरजेजवळच्या वानलेसवाडीपासून पांचगणीपर्यंत आपल्याकडील कित्येक कुटुंबांच्या परिचयाची होती. १९५६ सालीं मद्रास येथें क्षयरोगावरील औषधोपचारांचें संशोधनकेंद्र निघालें. तेथें १९३ रोग्यांचे चिठ्ठ्यांच्या न्यायानें दोन गट करण्यांत आले. एक गट सॅनेटोरियमांत, दुसरा शहरांतील आपापल्या गरीब घरीं. औषधें मात्र दोघांनाहि तींच. घरच्या रोग्यांस आहार निकृष्ट, श्रम अधिक, विश्रांति कमी. १९५९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतील रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणांत बरे झाले होते. रोग हटविला तो औषधांनीं, आणि त्याचें श्रेय इतके दिवस अंथरूण घेत होतें! सॅनेटोरियमची गरज जगभर ओसरली, तींत मद्रासच्या त्या चाळींतील रोग्यांचा वांटा मोठा आहे. याच दशकांत मुंबईंत के. ई. एम. रुग्णालयांत फिजिओथेरपीची शाळा निघाली, आणि १९५५ सालीं हाजी अली येथें पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. पोलियोनें लुळ्या पडलेल्या मुलांना उभें करण्याचें काम या विद्येनें आपल्याकडे प्रथम हातीं घेतलें.

तर मग उठवावें, आणि जितक्या लवकर तितकें बरें, हेंच या इतिहासाचें सार म्हणावयाचें काय? नाहीं, आणि येथें वाचकांनीं थोडा धीर धरावा. २००९ सालीं अमेरिकेंत कृत्रिम श्वसनयंत्रावरील १०४ रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत, गुंगीचीं औषधें रोज थांबवून ज्यांना लवकर हालचाल करावयास लाविलें, त्यांपैकीं शेंकडा ५९ रोगी घरीं जातांना स्वावलंबी होते. इतरांत हें प्रमाण शेंकडा ३५ होतें. पण २०१५ सालीं अर्धांगवायूच्या २१०४ रोग्यांचा जो प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यांत पहिल्या चोवीस तासांतच पुष्कळ व वारंवार उठविलेल्यांची स्थिति इतरांहून किंचित् वाईटच निघाली. थोडा वेळ पण अनेकदां उठणें हितकर, असें त्याच आंकड्यांच्या पुढील विवेचनांत दिसलें. २०२२ सालीं अतिदक्षता विभागांतील ७५० रोग्यांच्या प्रयोगांत नेहमीपेक्षां जास्त हालचालीचा विशेष लाभ झाला नाहीं, उपद्रव मात्र वाढले. म्हणजे अंथरूण हें जसें औषध आहे तसें उठणें हेंहि औषधच आहे, आणि औषधास मात्रा असते. सुश्रुतानें व वाग्भटानें व्यायाम अर्ध्या बळानेंच करावा असें सांगितलें आहे. श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं अर्धें बळ खर्च झालें असें समजावें, ही सुश्रुताची खूणहि व्यवहारी आहे. विश्रांतीच्या अतिरेकाची जागा हालचालीच्या अतिरेकानें घेतली, तर शंभर वर्षांच्या चुकीपासून आपण कांहींच शिकलों नाहीं असें होईल.

आमच्या घरीं या इतिहासाचा उत्तरार्ध २०२३ सालीं घडला. आमच्या मातुःश्री वयाच्या ब्यायशींव्या वर्षीं न्हाणीघरांत पडल्या आणि त्यांचेंहि तेंच हाड मोडलें. दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी वॉकर घेऊन खाटेशीं उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आज उभं राहायचं बरं का." आम्ही धांवून पुढें झालों, आईला धरावयास हात पुढें केला. त्या मुलीनें आम्हांस नम्रपणें पण ठामपणें बाजूस केलें. आई घामाघूम झाली, दोनदां खालीं बसली, आणि तिसऱ्या खेपेस उभी राहिली. चार पावलें टाकून झाल्यावर ती खुर्चींत टेकली, बराच वेळ कांहीं बोलली नाहीं, आणि मग हळूच म्हणाली, "ह्यांना का रे नाहीं आपण असं उठवलं?"

या प्रश्नाचें शास्त्रोक्त उत्तर आमच्याजवळ होतें. न जोडलेल्या हाडावर वडिलांना उभें करतां आलें नसतें. आईच्या हाडांत धातूचा आधार बसविलेला होता. तें आम्हीं तिला सांगितलें, आणि तें खरेंहि होतें. पण तें अर्धेंच खरें होतें. विश्रांति हवी होती ती वडिलांच्या मांडीच्या हाडास, वडिलांस नव्हे. त्यांना वळवितां आलें असतें, उशाशीं टेकवून बसवितां आलें असतें, दीर्घ श्वास घ्यावयास लावितां आलें असतें, आपल्या हातानें आपला घांस घेऊं देतां आला असता. त्यानें ते वांचलेच असते असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या सहा आठवड्यांत आमच्या मायेनें त्यांना करण्यासारखें कांहीं शिल्लकच ठेविलें नाहीं, एवढें मात्र निश्चित.

चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यांतील चौथा पाद आपण सहसा विसरतों. रोगी म्हणजे बाकीच्या तिघांनीं ज्याच्यावर काम करावयाचें तो पदार्थ, असें मानून चालतों. चरकानें मात्र रोग्याचेहि गुण मोजले आहेत, आणि त्यांत 'अभीरुत्व', म्हणजे निर्भयता, हा एक गुण गणला आहे. पूर्वीं आम्हांस हें जरा विचित्र वाटे. आजाऱ्यानें शौर्य कोठें दाखवावयाचें? आईनें खाटेवरून पाय जमिनीस टेकविले तेव्हां आम्हांस त्याचा अर्थ कळला. त्या निर्भयतेस वाव देणें हेंहि शुश्रूषेचेंच अंग आहे. आणि वाव देणाऱ्यास स्वतःचें भय आधीं आवरावें लागतें. आई आतां काठी घेऊन अंगणांत फिरते. शेवाळ दिसलें कीं ती थांबते आणि आम्हांस हांक मारते. पण हात मात्र धरूं देत नाहीं.